वर्ध्यात फेमस काय आहे?

मे महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी वर्धा स्टेशनवर उतरल्या उतरल्या माझ्या पुण्याच्या मित्राने पहिला प्रश्न विचारला तो हा. त्याच्यासोबत आमची ऑफिसातली एक मैत्रीणही होती. तिने मोबाईल आधीच हातात घेतला होता. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, की मला उत्तर येत नाही. जन्म इथला, बारावीपर्यंतचं शिक्षण इथलं. नागपूरची संत्रा बर्फी, कोल्हापूरचा तांबडा-पांढरा, नाशिकची मिसळ हे कुणीही झोपेत सांगेल. वर्ध्याचं काय?

"चल, दाखवतो," म्हणालो आणि वेळ मारून नेली.

त्या दोन दिवसांत आई-बाबा, ताई, तिची दोन पोरं, आजी, मावशी, मामा आणि हे दोन पाहुणे अशी आमची वरात जिथे जिथे खात फिरली, त्याचं मी एक रील केलं. ५८ सेकंदांचं. लोकांना आवडलं. "भाऊ, भूक लागली", "विदर्भ म्हणजे झणझणीत" अशा कमेंट आल्या. मलाही दोन दिवस बरं वाटलं. मग एकदा रात्री ते सलग चार-पाच वेळा पाहिलं आणि ते खोटं वाटायला लागलं. त्यातलं एकही दृश्य बनावट नाही, तरी खोटं.

हा लेख म्हणजे त्या रीलचं परीक्षण आहे. आपल्याच कामाचं परीक्षण आपण करू नये असं म्हणतात. पण दुसऱ्याच्या रीलमध्ये जे आहे तेवढंच मला दिसतं. माझ्या रीलमध्ये काय नाही, ते का कापलं, कुणी काढू दिलं नाही, हे मला माहीत आहे. म्हणून गिऱ्हाईक म्हणून मीच बरा.

पहिली बारा सेकंदं तर्री पोह्याची आहेत. बशीत पोहे, त्यावर पळीने ओतलेली काळ्या चण्याची तर्री, बारीक कांदा, लिंबू. ठेल्यावरच्या काकांनी विचारलं, "सांबार टाकू का?" आणि मित्र गोंधळून म्हणाला, "पोह्यांवर सांबार?" आम्ही कोथिंबिरीला सांबार म्हणतो, हे त्याला समजावेपर्यंत काकांनी टाकूनही दिला होता. हा संवाद रीलमध्ये आहे आणि सगळ्यात जास्त हशा त्यालाच मिळाला.

तर्री कॅमेऱ्यावर सुंदर दिसते. तेलाचा लाल थर उजेडात चमकतो, पळी वर उचलली की धार पडते, वाफ येते. आणखी काही करावंच लागत नाही. त्यामुळे मोबाईलवरचा विदर्भ लाल असतो. तर्री, सावजी रस्सा, मिरची भजी, की झाला विदर्भ. माझ्या रीलच्या शेवटी सावजीचे सात सेकंद आहेत आणि खाली मी लिहिलंय, "आमच्या वर्ध्याची चव". सावजी ही मूळची नागपूरच्या विणकरांची, हलबा कोष्टी समाजाची पाककला. ती आमच्याकडे आली, रुजली, आम्ही आवडीने खातो. पण "आमच्या वर्ध्याची" म्हणताना मी एका समाजाचं नाव पुसलं, आणि ते मला लिहिताना जाणवलंही नाही.

बरं, मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो. असल्या उन्हात आम्ही घरी तर्री पितो का? आमच्या घरी त्या आठवड्यात रोज जे होतं ते असं: कैरीचं पन्हं, ताक, कढी, फोडलेला कांदा, वरण-भात, पातळ बेसन, रात्री आमरस. पिवळं, पांढरं, मळकट तपकिरी. यातलं काहीच चमकत नाही, कशालाच धार नाही. माझ्या रीलमध्ये यातली एकही वाटी नाही. "झणझणीत" हा शब्द आमच्यावर बाहेरच्यांनी लादला अशी तक्रार मी पुण्यात नेहमी करतो. या वेळी तो मीच लादला.

दुसरं दृश्य गोरस पाकाचं. सहा सेकंद. खरं तर मित्राच्या प्रश्नाचं सरळ उत्तर हेच होतं. वर्ध्याहून पाहुणा परत निघाला की त्याच्या पिशवीत गोरस भांडारातला गोरस पाकाचा पुडा जातो, हा आमच्याकडचा जुना रिवाज. गव्हाचं पीठ, गायीचं तूप, साखर. जिभेवर ठेवला की विरघळतो. मैत्रीण म्हणाली, "नानकटाईच ना?" मी "हो, तसंच काहीसं" म्हणून मोकळा झालो.

तसंच काहीसं नाही ते. १९४१ मध्ये जमनालाल बजाज यांनी वर्ध्यात गोसेवा संघाचं काम हाती घेतलं आणि आयुष्याचे शेवटचे महिने त्याच कामाला दिले. फेब्रुवारी १९४२ मध्ये ते गेले. गायीची पूजा करून गाय वाचत नाही, तिचं दूध-तूप विकलं गेलं, शेतकऱ्याच्या हातात चार पैसे आले तर ती वाचते, असा तो साधा व्यवहारी विचार होता. आमच्या आर्वीकडची गवळाऊ ही पांढरी, चपळ, उन्हाला न हटणारी गाय. तिच्यासारख्या गायींचं दूध गावोगावहून गोळा करून शहरात विकायची जी परंपरा वर्ध्यात तयार झाली, तिच्यातला हा पदार्थ. बरेच पदार्थ कुणाच्या तरी जिभेच्या हट्टातून जन्मतात. गोरस पाकामागे एक आर्थिक मत आहे. सहा सेकंदांत ते मावलं नसतं हे खरं, पण मी प्रयत्नही केला नाही. तुकडा मोडताना पडलेल्या भुग्याचं स्लो मोशन मात्र दोनदा घेतलं.

तिथून आम्ही सेवाग्रामला गेलो. बापूकुटीबाहेर चार सेकंद, खाली एकच शब्द: "शांत". मग वाटेत एके ठिकाणी साधं जेवण घेतलं. उकडल्यासारखी भाजी, वरण, भाकर, गूळ. मित्राने प्रामाणिकपणे सांगितलं, "मीठ कमी आहे रे. पाचपैकी दोन." ताईच्या धाकट्याने मान हलवली. मी तो भाग कापला, कारण गांधींच्या गावात दोन स्टार लिहायला लाज वाटली.

आता वाटतं, कापायला नको होता. स्टार द्यायला नकोत हे खरं, पण त्याचं कारण लाज नव्हे. सेवाग्रामच्या स्वयंपाकाचा हेतूच चव हा नव्हता. आश्रमाच्या एकादश व्रतांतलं एक व्रत अस्वाद आहे. जिभेसाठी खायचं नाही, शरीरासाठी खायचं. ज्या स्वयंपाकाने चवीची शर्यतच नाकारली, त्याला चवीचे गुण देणं म्हणजे मौनव्रत धरलेल्या माणसाच्या भाषणाला गुण देणं.

पण मला गांधींशीही भांडायचं आहे. अस्वाद हे व्रत म्हणून कोण घेऊ शकतं? ज्याच्यासमोर स्वाद वाढून ठेवलेला आहे तो. ज्याच्या ताटात रोज भाकर आणि मिरचीचा गोळा आहे, त्याला ती मिरचीही सोड म्हणणं हे व्रत होत नाही. गांधींना हे कळत नव्हतं असं नाही. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि वर्ध्याच्या मगनवाडीत त्याचं ठाणं पडलं. जे. सी. कुमारप्पा तिथे होते. जात्यावरचं पीठ, घाणीचं तेल, हातसडीचा तांदूळ, गूळ यावर तिथे काम चाललं. गरिबाच्या ताटात कमी पैशांत कस कसा येईल, हा तो शोध होता. १९३५ मध्ये गांधींनी मगनवाडीत सोयाबीन खाण्याचे प्रयोग केले आणि त्याबद्दल 'हरिजन'मध्ये लिहिलं. हो, सोयाबीन. ही गोष्ट लक्षात ठेवा, दुसऱ्या दिवशी शेतात ती परत भेटते.

त्याआधी शनिवारची दुपार. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नाही, कूलरचा घरघराट, पोरं झोपलेली. पाहुणेही आडवे झाले. मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो तर आजी, आई आणि मावशी खाली चटईवर बसून सरगुंडे करत होत्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: घट्ट भिजवलेल्या कणकेची बारीक दोरी वळायची, ती एका काडीवर वेटोळं घालत गुंडाळायची आणि अलगद काडी काढून घ्यायची. पोकळ, स्प्रिंगसारखा सरगुंडा परातीत पडतो. वारं लागून जरा सुकले की ते शिजवायचे, निथळायचे आणि आमरसासोबत खायचे. रस त्या पोकळीत शिरतो. पोळीला रस लावून खाणं वेगळं आणि हे वेगळं. जावई आला, पाहुणे आले की उन्हाळ्यात विदर्भातल्या कितीतरी घरांत हे होतं. आम्ही नऊ जण जेवणार होतो, म्हणजे किती दोऱ्या, किती वेटोळी, हिशेब करा. त्या तिघी दीड तास बसल्या होत्या.

मी मोबाईल काढला. आईने लगेच हाताने चेहरा झाकला. "काय करून राहिला बे? गाऊनवर आहो मी. नको काढू."

मी काढला नाही. रात्री जेवताना ताटाचा शॉट घेतला. वाटीत केशरी रस, त्यात सरगुंडे, बाजूला तळलेली कुरडई. तीन सेकंद. "आजीच्या हातचे सरगुंडे" असं वर लिहिलं आणि हृदयाचं चिन्ह टाकलं. व्हिडिओत हात मात्र नाहीत.

आता या गाऊनचा विचार करा. खाण्याच्या रीलमध्ये ठेलेवाले काका दिसतात, ढाब्यावरचे आचारी दिसतात, तव्यावर हात आपटणारे पुरुष दिसतात. घरातल्या बाया दिसत नाहीत, कारण त्या काम करताना गाऊनवर असतात, घामेजलेल्या असतात, आणि आपण असं दिसणं जगाला दाखवायचं नसतं असं त्यांना आयुष्यभर सांगितलेलं असतं. नाही म्हणण्याचा हक्क त्यांचाच आहे, तो मी हिरावणार नाही. पण परिणाम असा, की जे बाजारात मिळतं तेच "स्थानिक खाणं" म्हणून नोंदवलं जातं. सरगुंडे वर्ध्याच्या कुठल्याही चौकात मिळत नाहीत. म्हणून ते फेमस नाहीत. म्हणजे "फेमस काय आहे?" या साध्या प्रश्नातच एक अट लपलेली आहे: जे विकलं जातं ते सांग.

रविवारी सकाळी आम्ही आर्वीकडे मामाच्या शेतात गेलो. रोडग्यांचा बेत होता. जाडसर दळलेल्या गव्हाच्या पिठाचे, आत तेल लावून पदर काढलेले गोळे, गोवऱ्यांचा धूर संपून निखारे झाले की त्यात भाजायचे. फडक्याने राख झटकायची, फोडायचे, तूप ओतायचं. सोबत मोठ्या गंजात वांग्याची भाजी आणि वरण. आंब्याखाली सावली होती, माठातलं पाणी होतं. रोडगे भाजत होते मामा, बाबा आणि मामाचे दोन मित्र. रीलमध्ये हे सोळा सेकंद आहेत, सगळ्यात जास्त. घरी स्वतःचं ताटही न उचलणारे हे चार पुरुष वर्षातून एकदा निखाऱ्यापाशी बसतात आणि सगळं खानदान वाहवा करतं. मीही केली. रोडगे उत्तमच झाले होते. पण आदल्या दिवसाचे तीन सेकंद आणि आजचे सोळा सेकंद शेजारी ठेवले की मला माझीच लाज वाटते.

पलीकडच्या बांधाजवळ दोन बाया धसकटं वेचत होत्या. पावसाआधी शेत साफ करायचं ते काम, असल्या उन्हात. दुपारी त्या लिंबाखाली डबा उघडून बसल्या. मामाने त्यांना आमच्यासोबत जेवायला बोलावलं. त्यांनी रोडगे-भाजी घेतली, पण तिथेच, लिंबाखालीच बसून खाल्ली. आंब्याच्या सावलीत भरपूर जागा होती. त्या का आल्या नाहीत हे आमच्यातल्या कुणी विचारलं नाही, आणि त्यांनी सांगितलं नाही.

मैत्रीण मोबाईल घेऊन त्यांच्याकडे गेली. डब्यात ज्वारीची भाकर, ठेचा आणि कसलीशी पालेभाजी होती. "किती ऑथेंटिक!" ती म्हणाली. त्यातल्या मोठ्या बाईने डब्यावर झाकण ठेवलं. "माह्या डब्याचा कायले फोटो काढता जी?"

मैत्रीण ओशाळून परत आली. चांगली मुलगी आहे ती, तिच्या मनात काही वावगं नव्हतं. पण त्या बाईच्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ मध्ये आलं तेव्हा मराठवाड्यातल्या महार-मांग समाजांचं खाणं पहिल्यांदाच एवढ्या तपशिलाने मराठी पुस्तकात आलं. त्याच्या पंचेचाळीस वर्षं आधी, १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने मराठी स्वयंपाक वाटी-चमच्याच्या मापात बसवून घराघरांत नेला होता. दोन्ही पुस्तकं मोलाची. पण मधली पंचेचाळीस वर्षं सांगतात, की कुणाचा डबा लिहिण्याजोगा मानला गेला आणि कुणाला वाट पाहावी लागली. पाटोळ्यांनी आपल्याच घरातलं लिहिलं. आम्ही दुसऱ्याच्या डब्यावर कॅमेरा धरला. फरक इथे आहे.

मित्र मात्र भाकरीवरच अडकला होता. "मामा, ज्वारी शेतातलीच का?"

मामा हसला. "कोन पेरते आता ज्वारी? अर्धी पाखरं खाते, अर्धी डुकरं. उरली त कापाले मजूर भेटत नाही. आमच्या घरीबी दुकानातून येते."

"मग शेतात काय?"

"सोयाबीन. मंग चना. तिकडच्या पट्ट्यात कपाशी."

बघा, सोयाबीन परत आलं. नव्वद वर्षांपूर्वी याच जिल्ह्यात गांधी लोकांना सोयाबीन खाऊन पाहा म्हणत होते. आज ते जिल्ह्याच्या शिवारभर आहे, पण आमच्या ताटात दाण्याच्या रूपात नाही. ते बाजार समितीत जातं, तेल निघतं, पेंड कोंबड्या-जनावरांच्या खाद्यात जाते. आणि ज्या ज्वारीवर आमच्या आजोबांची पिढी जगली, जिचा दाणा माणसाला आणि कडबा बैलाला होता, ती आम्ही विकत आणतो. शेतकऱ्याचा यात दोष नाही. ज्याला भाव आणि ज्याची कापणी परवडते ते तो पेरणार. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं झालं, पुण्याच्या मॉलमध्ये ज्वारीच्या कुकीज आल्या. आमच्या मामाच्या शेतात काही ज्वारी आली नाही.

रीलमध्ये त्या शेताच्या दृश्यावर मी लिहिलं होतं: "शेतातून थेट ताटात". रोडग्याचा गहू मामाच्या मेहुण्याकडचा, वांगी आर्वीच्या बाजारातली, तूप पाकिटातलं. शेतातून थेट आलं होतं फक्त सरपण आणि लिंबू. हे वाक्य मी खोटं बोलायचं म्हणून लिहिलं नव्हतं. असल्या दृश्यावर असंच लिहितात, म्हणून बोटं आपोआप चालली. वाईट लिखाण बहुतेक वेळा असंच होतं. माणूस खोटारडा नसतो, त्याच्याकडे वाक्य आधीच तयार असतं.

तर माझ्या रीलबद्दल माझं मत असं. चित्रण नीट आहे, कापाकापी चांगली आहे, सांबारचा विनोद जमलाय. पण त्याने एका जिल्ह्याचं खाणं ठेल्यांच्या यादीत बदललं. ज्याला इतिहास आहे त्याचा भुगा दाखवला, ज्याला कष्ट आहेत त्याचं ताट दाखवलं, ज्याला प्रश्न आहेत त्याचं सरपण दाखवलं. माझ्यासारखी हजारो रीलं रोज निघतात. पुढच्या पिढीला विदर्भात काय खात होते हे शोधायचं झालं, तर तिला तर्रीची हजार दृश्यं मिळतील आणि काडीवर दोरी कशी गुंडाळायची हे एकातही सापडणार नाही.

यावर उपाय म्हणजे जास्त चांगलं रील, असं मला आधी वाटलं होतं. सोमवारी सकाळी, पाहुणे पुढे ताडोब्याला निघून गेल्यावर, मी आईला म्हटलं, "आज साडी नेस, सरगुंड्यांचा नीट व्हिडिओ करू. नाहीतर हे विसरलं जाईल."

आजी कोपऱ्यातून म्हणाली, "व्हिडिओ कायले पायजे? बस इथं."

बसलो. आजीने कणकेचा गोळा आणि काडी हातात दिली. तिची बोटं आता आखडतात, दोरी बारीक वळता येत नाही, म्हणून त्या दिवशी ती फक्त सांगत होती. माझी पहिली दोरी तुटली. दुसरी काडीला चिकटली. काडीला कोरडं पीठ लावायचं असतं हे मला पंचवीस वर्षं ताटात सरगुंडे खाऊनही माहीत नव्हतं. दोरी ओढायची नाही, काडी फिरवायची. कितीही पाहिलं असतं तरी हे कळलं नसतं, कारण ते डोळ्यांना दिसतच नाही, बोटांना कळतं.

तासाभरात अकरा झाले. त्यातले चार बरे म्हणावे असे. उरलेल्या सातांकडे पाहून मावशी म्हणाली, "हे तूच खाजो."

ताईचा मोठा मुलगा, वय वर्षं नऊ, शेजारी येऊन बसला होता. त्याने काडी मागितली. त्याच्या आईने आतून हाक मारली, "हात धुतले का?" तो धावत धुवून आला. त्याचा पहिलाच माझ्या अकराव्यापेक्षा बरा निघाला.

संध्याकाळी पुण्याची गाडी होती. पिशवीत गोरस पाकाचे दोन पुडे, कुरडयांचा डबा आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली ती काडी. ऑफिसात कुणी विचारलंच वर्ध्यात फेमस काय आहे, तर गोरस पाक पुढे करीन. सरगुंडे खायचे असतील तर रविवारी खोलीवर यावं लागेल, आणि आधी हात धुवून खाली बसावं लागेल.